कुलूप कशाला लावायचे? आमच्या चित्रपटगृहाच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
संचालक व व्यवस्थापक,
आमच्या शहरातील एकपडदा चित्रपटगृह

विषय : आवारात रात्री थांबण्यास आणि सलग चित्रपटांच्या विशेष खेळांस मनाई करणारी आपली सूचना मागे घेण्याबाबत.

महोदय,

आपल्या बुकिंग खिडकीशेजारी गेल्या सोमवारपासून एक छापील सूचना लावलेली आहे. ‘महिला प्रेक्षकांच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव यापुढे चित्रपटगृहाच्या आवारात रात्री कोणासही थांबता येणार नाही, तसेच सलग चित्रपटांचे विशेष खेळ कायमचे बंद करण्यात येत आहेत’, एवढाच तिचा मजकूर आहे. ज्या महिलांच्या नावाने हा निर्णय झाला, त्यांपैकी मी एक आहे. त्या शनिवारी रात्री आपल्या आवारात आम्ही २९ जणी होतो. यादी माझ्याच हातात होती, म्हणून आकडा खात्रीने सांगते. आमच्यापैकी एकीलाही आपण काही विचारलेले नाही. व्यवस्थापकांना भेटण्यासाठी मी दोनदा आले, दोन्ही वेळा ‘साहेब बाहेर आहेत’ असे सांगण्यात आले, त्यामुळे जे समोर बसून बोलायचे होते ते असे चारचौघांत लिहावे लागत आहे. चित्रपटगृहाचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खान्देशात ज्यांना ते कळायचे त्यांना कळेलच, आणि माझी तक्रार आपल्या निर्णयाविषयी आहे, आपल्या व्यवसायाला बट्टा लावण्याची मला हौस नाही.

घटना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. डिसेंबरातील एका रविवारी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या टोल्किन यांच्या कादंबरीवरील चित्रपटाचे तिन्ही भाग एकाच दिवशी, कोणत्याही भागात मध्यंतर न घेता, दाखवण्याचे आपण जाहीर केले. पहिला भाग १७८ मिनिटांचा, दुसरा १७९ आणि तिसरा २०१ मिनिटांचा. म्हणजे एकूण ५५८ मिनिटे, नऊ तास अठरा मिनिटे. दोन भागांच्या मध्ये पाऊण-पाऊण तासाची सुटी धरली तर सकाळी सहाला सुरू झालेला खेळ दुपारी पावणेपाचच्या सुमारास संपायला हवा होता. तिकीट ६०० रुपये, आसनांना क्रमांक नाहीत, ‘आधी येईल त्याला आधी जागा’, आणि बाहेरगावच्या प्रेक्षकांना शनिवारी रात्री आवारात थांबता येईल, हे सगळे आपल्याच जाहिरातीत होते. यातील शेवटचे वाक्य आपण स्वतः पुन्हा एकदा वाचावे अशी विनंती आहे, कारण आता आपली माणसे आमच्याविषयी अशा सुरात बोलत आहेत की, जणू आम्ही भिंत ओलांडून आत शिरलो होतो.

एकच गोष्ट तीन तुकड्यांत पाहण्याऐवजी सलग पाहण्यासाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न आपल्या डोअरकीपरने मला विचारला होता आणि तो रास्त आहे. हे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ अशा तीन डिसेंबरांत प्रदर्शित झाले असले, तरी दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी त्यांचे मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात एका दमात केले होते. कथा एकच आहे, प्रवासही एकच आहे. घर सोडून निघालेल्या माणसांचा थकवा पाहणाऱ्याच्या अंगात थोडा तरी उतरावा लागतो. तिसरा भाग येण्याच्या आदल्या दिवशी, १६ डिसेंबर २००३ रोजी, अमेरिकेतील निवडक चित्रपटगृहांनी तिन्ही भाग ओळीने दाखवले होते आणि तेथेही चाहते रांगा लावून बसले होते. त्यांना जे तेव्हा मिळाले ते आम्हाला आता मिळत होते, म्हणून आम्हीही बसलो.

त्या वर्षी मी बी. एस्सी.ला होते. पहिले दोन भाग नाशिकला मामांकडे जाऊन पाहिले. तिसऱ्याच्या वेळी परीक्षा आडवी आली. शेवटी तो मैत्रिणीच्या घरी, चौदा इंची टीव्हीवर, कोणीतरी चोरून चित्रित केलेल्या सीडीवर पाहिला. त्यात मध्येच पडद्यापुढून उठून जाणाऱ्या माणसांची डोकी दिसत, आणि तिसरी सीडी ऐन मोक्याच्या ठिकाणी अडकली ती अडकलीच. चोरीच्या सीडीची ती योग्य शिक्षा होती असे मी मानते. पुढे घरी छोट्या पडद्यावर तो शेवट कितीतरी वेळा पाहिला, आता तो पाठ आहे. परंतु अंधारात, मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून तो पाहायचा राहून गेला होता. आपली जाहिरात वाचली तेव्हा मी ती कात्री घेऊन कापून ठेवली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईने असे करणे काहींना पोरकट वाटेल, वाटू द्यावे.

आता त्या रात्रीविषयी. संध्याकाळी सातपासून माणसे येऊ लागली. नंदुरबारची मुले सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने आली, शिरपूर आणि चोपड्याची एसटीने, जामनेर-पाचोऱ्याकडची मोटारसायकलवर, थंडीने काकडत. शहादा तालुक्यातून एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते, त्यांनी कादंबरीतील नकाशा स्वतः मोठ्या कागदावर काढून आणला होता आणि रात्री बारापर्यंत ते टॉर्चच्या उजेडात कोण कोणत्या वाटेने गेले हे समजावून देत होते. टपाल वाटणाऱ्या माणसाला रस्त्यांची चूक सहन होत नाही, असे ते म्हणाले. यावलकडच्या, केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका मुलाला कादंबरीतील एल्फ लोकांची लिपी येत होती. त्याने वहीच्या कागदांवर प्रत्येकाचे नाव त्या लिपीत लिहून दिले. माझे अजून पर्समध्ये आहे. कोणी कथेतल्या गॉलम या पात्राच्या तोंडी अहिराणी घालून दाखवली तेव्हा तर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. जेवायला बामणोदच्या वांग्यांचे भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा होता. डिसेंबरात खान्देशात चार माणसे एकत्र बसली आणि भरीत नाही, असे सहसा होत नाही. शेकोटी पेटवायची नाही असे आम्ही आधीच ठरवले होते आणि ते पाळले.

जागांचा क्रम ठरवण्याची कोणतीही व्यवस्था आपण केलेली नव्हती, म्हणून ती आम्हीच केली. येणाऱ्याचे नाव यादीत, क्रमांक मनगटावर पेनने, दर दोन तासांनी हजेरी, आणि सलग दोन हजेऱ्यांना जो नसेल त्याचा क्रमांक रद्द. वीस वर्षे हजेरी घेत असल्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आले. पहाटे चारच्या हजेरीला १४३ नावे होती आणि एकही वाद झालेला नव्हता.

वाद कशाकशाने झाला ते आता क्रमाने सांगते.

पहिली तक्रार स्वच्छतागृहाची. रात्री दहा वाजता महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावण्यात आले. कारण विचारले तर ‘रात्री सफाईला माणूस नसतो’ असे उत्तर मिळाले. पहिला दीड तास आम्ही चौघी-पाचजणी मिळून बसस्थानकापर्यंत चालत जात होतो. साडेअकरानंतर तेही शक्य राहिले नाही. मग एकेकीने पाणी पिणे थांबवले. त्यांत पन्नाशी ओलांडलेल्या दोघी होत्या आणि एक सोळा वर्षांची मुलगी होती, जिची आई मला ‘बाई, तिच्याकडे लक्ष ठेवा’ असे सांगून घरी गेली होती. मी काय लक्ष ठेवणार होते? तिला पाणी देऊ की नको, एवढाच विचार मी रात्रभर करत होते.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. साडेअकराला आपल्या वॉचमनने लोखंडी गेट बाहेरून बंद करून त्याला कुलूप लावले आणि तो किल्ली घेऊन निघून गेला. तसे करण्याची सूचना त्याला वरून होती असे त्याने नंतर सांगितले, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पहाटे अडीचच्या सुमारास अमळनेरहून आलेल्या एका मुलाला दम्याचा झटका आला. त्याचा पंप बाहेर रस्त्यावर लावलेल्या मोटारसायकलच्या डिकीत होता. वॉचमनचा फोन बंद, आपल्या कार्यालयाच्या फोनची घंटा नुसतीच वाजत राहिली. अखेर एक मुलगा कुंपणाच्या भिंतीवर सतरंजी टाकून पलीकडे उतरला. भिंतीवर काचा रोवलेल्या आहेत हे आपल्याला माहीत आहे, त्याच्या तळहाताला नंतर तीन टाके पडले. पंप हातात यायला वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे त्या मुलाचे डोके माझ्या मांडीवर होते.

दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली. धूर कोंडला, बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, आणि वाढीव खुर्च्यांमुळे येण्याजाण्याची एक वाट आधीच बुजवलेली होती. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. चित्रपटगृह चालवणाऱ्या प्रत्येकाला ही घटना ठाऊक असते आणि आपल्यालाही असणारच. मग माणसे आत असताना बाहेरून कुलूप लावण्याची सूचना कोणी आणि कोणत्या विचाराने दिली, हे मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

तिसरी तक्रार याच धाग्यातली आहे. आपल्याकडे जेवढ्या खुर्च्या आहेत त्यांहून अधिक तिकिटे विकली गेली होती. ही गोष्ट सकाळी उघड झाली. गेट पाचला उघडायचे ते पावणेसहाला, दोन्ही दारे एकदम ढकलून उघडले. रात्रभर जपलेली आमची यादी आपल्या माणसांनी पाहिलीसुद्धा नाही, आणि बाजूच्या दारातून मोटारीने आलेली पंधरा-वीस ओळखीची मंडळी आधीच बाल्कनीत बसलेली होती. जागा न मिळालेल्यांसाठी मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकण्यात आल्या. या गोंधळात पहिला चित्रपट सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला.

भाषेबद्दल एवढेच म्हणते की, जाहिरातीत मूळ इंग्रजी आणि खाली अक्षरे असे असताना पहिला भाग हिंदीत लागला. मला हिंदीचे वावडे नाही, माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना तोच आवडतो. पण काय दाखवणार ते आधी सांगावे.

आणि शेवटची तक्रार, जी मला स्वतःला सर्वाधिक लागली. सव्वा तास उशीर झाल्यामुळे तिसरा चित्रपट सहाच्या तोंडावर संपणार होता, आणि सहाला आपला नेहमीचा खेळ होता. अंगठी आगीत पडली, मनोरा कोसळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साडेपाचच्या सुमारास दिवे लागले. पडदा पांढरा झाला. आम्हाला वाटले वीज गेली. तेवढ्यात डोअरकीपर आत आला आणि म्हणाला, ‘‘पिक्चर सरना, आते घर जा.’’ तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते, आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्यालाही कदाचित तसेच सांगितले गेले असावे. या चित्रपटाची ती जुनी खोड आहे. संपला संपला म्हणताना तो संपत नाही, आणि त्यावरून त्याची थट्टाही होते. परंतु ज्या शेवटासाठी माणसे आदल्या रात्रीपासून थंडीत बसली होती तो शेवट याच उरलेल्या भागात आहे : परत येणे, आपले घर पूर्वीसारखेच आहे हे पाहणे आणि आपण मात्र पूर्वीचे उरलो नाही हे कळणे, आणि नंतर तो बंदरावरचा निरोप. अकरा नामांकने मिळून अकराही ऑस्कर घेणाऱ्या चित्रपटाचा शेवट आपण पुढच्या खेळाच्या गर्दीसाठी कापला. पोस्टमास्तरकाका आपल्या नकाशाची गुंडाळी हातात धरून उभे होते. ‘परतीची वाट मी काढलीच होती,’ एवढेच ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी अडकले होते, आणि या वेळी तर पैसे देऊन.

आमच्याही चुका झाल्या, त्या लपवण्यात अर्थ नाही. रात्री एकच्या सुमारास काही मुलांनी पत्र्याचा डबा वाजवत नाच केला. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, शेजारच्या चाळीत आजारी माणसे आहेत, आणि मी उठून रागावेपर्यंत दहा मिनिटे गेली होती. दुसऱ्या दिवशी चाळीत जाऊन आम्ही पाच जणांनी माफी मागितली. कागदी पेल्यांचा कचराही झाला होता; तो चार गोण्यांत भरून आम्ही निघण्यापूर्वी बाहेर नेला. डबा वाजवला म्हणून आपण आम्हाला दोन शब्द सुनावले असते तर ते मी मान खाली घालून ऐकले असते.

पण सूचनेत डब्याचा उल्लेख नाही. सूचनेत महिलांची सुरक्षितता आहे. त्या रात्री आवारातल्या एकाही पुरुषाने आमच्याकडे वावग्या नजरेने पाहिले नाही. उलट वाऱ्याच्या बाजूला मुले झोपली आणि आडोशाची जागा त्यांनी आम्हाला दिली. असुरक्षित वाटले ते दोनच वेळा, स्वच्छतागृहाच्या कुलपापुढे आणि गेटच्या कुलपापुढे. दोन्ही कुलपे आपली होती. ती काढण्याऐवजी आपण तिसरे कुलूप लावले आणि त्यावर आमचे नाव घातले.

‘चांगल्या घरच्या बायका रात्रभर बाहेर बसत नाहीत’, असे आपले एक भागीदार कोणाशी तरी बोलल्याचे माझ्या कानावर आले. ते खरे नसेल तर उत्तमच. खरे असेल तर त्यांना एवढेच विचारते की, श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाची रात्र त्यांच्या घरी कोण जागवते? गल्लीतल्या सगळ्या बायका पहाटेपर्यंत गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात, आणि सकाळी वाजतगाजत विसर्जनाला जातात. तेव्हा कोणी त्यांना सुरक्षिततेसाठी घरात कोंडत नाही. यात्रेत तंबूत रात्रभर चित्रपट चालत आणि माझी आजी बैलगाडीखाली गोधडी अंथरून एकामागून एक तीन खेळ पाहत असे, ही तिची आवडती आठवण होती. रात्र जागवणे आमच्यासाठी नवे नाही. तंबूवाले दारे बाहेरून बंद करत नव्हते, हेही तिने सांगितले असते.

आता आमच्या मागण्या. सूचनेतील ‘महिला प्रेक्षकांच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव’ हे शब्द आपण तातडीने काढावेत आणि सूचनाच मागे घ्यावी. विशेष खेळाच्या तिकिटांवर आसनक्रमांक छापावेत. तसे झाले तर रात्री रांगेत बसण्याची गरजच उरत नाही, आणि ज्यांना केवळ सोबतीसाठी बसायचे आहे ते बसतील. खुर्च्यांपेक्षा एकही तिकीट अधिक विकू नये आणि वाटेत खुर्च्या टाकू नयेत. प्रेक्षक आवारात असतील तेव्हा गेटला बाहेरून कुलूप नसावे, किल्लीसह वॉचमन हजर असावा आणि महिलांचे स्वच्छतागृह उघडे असावे. सफाईच्या माणसाच्या रात्रीच्या मजुरीसाठी तिकीट दहा रुपयांनी वाढवले तरी आमची हरकत नाही. तिसरा चित्रपट त्या दिवसाच्या तिकिटावर एकदा, पहिल्यापासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत, विनामूल्य दाखवावा, आणि ज्यांना पुन्हा येणे शक्य नाही त्यांना २०० रुपये परत करावेत.

एक सुचवणेही आहे, त्याचा हिशेब मी आपल्या सोयीने मांडला आहे. आवारात माणसे झोपतात याची आपल्याला अडचण वाटत असेल, तर त्यांना आत घ्या. खेळ रात्री नऊला सुरू केला तर दोन्ही सुट्या धरून तो सकाळी पावणेआठला संपतो; शनिवारचा फक्त रात्रीचा एक खेळ जातो, रविवारचे बाकी सगळे राहतात, आणि शेवट कापण्याची वेळ येत नाही. मद्यविक्रीची ठिकाणे वगळता आस्थापना चोवीस तास उघड्या ठेवता येतात, हे राज्य शासनाने १ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने स्पष्ट केले आहे. परवान्याच्या अटींसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागला तर त्यावर सह्या द्यायला १४३ माणसे तयार आहेत. आमच्या भागातली किती एकपडदा चित्रपटगृहे गेल्या काही वर्षांत बंद पडली, कितींची मंगल कार्यालये झाली, हे मी आपल्याला सांगायला नको. आपले चालावे अशी आमची इच्छा आहे. थंडीत अंगणात झोपायला तयार असलेले गिऱ्हाईक कोणत्याही दुकानदाराला सहज मिळत नाही.

उत्तर या महिन्याच्या अखेरीपर्यंत मिळावे. मी रोज संध्याकाळी पाचनंतर मोकळी असते आणि चर्चेला यादी घेऊन येईन. त्या दिवशीच्या तिकिटाचा फाटलेला अर्धा भाग मी जपून ठेवला आहे. तिसऱ्या चित्रपटासाठी दारावर तोच दाखवेन.

आपली नियमित प्रेक्षक,
यादीतील क्रमांक ३७